व्यंगचित्र, उल्लेख आणि धर्मभावना

एखादे विधान स्वतः करणे आणि दुसऱ्याने केलेले विधान कळविणे यांतील भेद दाखविण्याची सोय बहुतेक भाषांनी करून ठेवली आहे. संस्कृतात ‘इति’ आहे. मराठीत ‘असे’ आहे, ‘म्हणून’ आहे, आणि ऐकीव गोष्टीची जबाबदारी अंगावर न घेता ती पुढे सरकविणारे ‘म्हणे’ आहे. सोलापुरात सात रस्त्यावर घटकाभर उभे राहिले तर कन्नडातील ‘अंते’, तेलुगूतील ‘अट’ आणि दख्खनीतील ‘कते’ हे त्याच कामाचे शब्द कानी पडतात. चित्राला असा शब्द नाही. व्यंगचित्रांवरून उद्भवणाऱ्या धार्मिक वादांपैकी निदान काहींचे मूळ या उणिवेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंगसाप्ताहिकाच्या कार्यालयावर हल्ला होऊन बारा माणसे मारली गेली. त्यानंतरच्या अंकाच्या मुखपृष्ठावर अश्रू ढाळणाऱ्या पैगंबरांचे चित्र होते. ते मुखपृष्ठ मुंबईच्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या संपादिका शिरीन दळवी यांनी त्या साप्ताहिकाविषयीच्या मजकुरासोबत छापले. त्यांनी क्षमायाचना केली. तरीही ठिकठिकाणी तक्रारी दाखल झाल्या, मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली व त्यांना जामीन घ्यावा लागला. दैनिकाची मुंबई आवृत्ती बंद पडली.

दळवींची कृती तर्कशास्त्राच्या परिभाषेत ‘प्रयोग’ नव्हे, ‘उल्लेख’ होय. वाचकांपैकी अनेकांना मात्र हा भेद मान्य होणे शक्य नव्हते. जेथे चित्र काढणे हेच निषिद्ध, तेथे त्याची प्रत हे अवतरण ठरत नाही. ते पुन्हा काढलेले चित्रच ठरते. (इराणी व तुर्की हस्तलिखितांत पैगंबरांची चित्रे आढळतात, म्हणजे हा निषेध सर्व देशी-काळी सारखा नव्हता. परंतु श्रोत्याची आजची धारणा इतिहासाच्या दाखल्याने बदलत नाही.)

दुसरे उदाहरण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील आहे. ‘लोकमत’च्या ‘मंथन’ पुरवणीत ‘आयसिस’ या संघटनेच्या अर्थव्यवहारावर लेख आला. सोबतच्या चित्रात डुकराच्या आकाराची पैशांची पेटी होती, व तीवर पैगंबरांची मुद्रा म्हणून ओळखले जाणारे गोल चिन्ह होते. खानदेशातील कार्यालयांवर हल्ले झाले. वृत्तपत्राने क्षमा मागितली. हे चिन्ह त्या संघटनेच्या काळ्या ध्वजावर असते. चित्रकाराला चिन्हाने संघटना दाखवावयाची असावी, हे उघड दिसते. पण त्या चिन्हातील अक्षरे अल्ला व पैगंबर यांची नावे सांगतात, आणि ध्वजापासून सुटे होताच ते चिन्ह संघटनेचे राहत नाही. एकाच चिन्हाचे दोन संकेत. चित्रकाराने एक योजिला, वाचकाने दुसरा वाचला. त्यात डुकराचा आकार ही आपल्याकडे केवळ पाश्चात्त्य खेळण्याची नक्कल उरत नाही, याचे भान सुटले. ही मला अनवधानाची चूक वाटते, उपहासाची नव्हे.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या तिसऱ्या उल्लासात व्यंग्यार्थ ज्यांवर अवलंबून असतो त्या गोष्टी सांगताना वक्ता, बोद्धव्य म्हणजे ज्यास उद्देशून बोलले जाते तो, प्रसंग, देश व काल यांची गणना केली आहे. पॅरिसमधील चित्र मुंबईत आले म्हणजे यांपैकी जवळजवळ सर्व घटक पालटतात. रेषा तेवढ्या त्याच राहतात. केवळ रेषांकडे बोट दाखवून ‘यात अपमान आहे’ किंवा ‘नाही’ असा वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना, म्हणूनच, एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही.

कायद्याने मात्र वक्त्याचीच बाजू धरली आहे, आणि ती योग्यच धरली आहे. लाहोरच्या ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर १९२७ मध्ये भारतीय दंडसंहितेत २९५-अ हे कलम आले. त्यात शब्द आणि दृश्य प्रतिरूपणे एकाच पंक्तीत बसविली आहेत. पण अपमान बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेला असला पाहिजे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरविताना हीच मर्यादा अधोरेखित केली. क्रिकेटपटू धोनी यांस विष्णुरूपात दाखविणाऱ्या एका मुखपृष्ठावरून झालेली तक्रार एप्रिल २०१७ मध्ये रद्द करताना, अजाणता वा निष्काळजीपणाने घडलेला अपमान या कलमात बसत नाही, असे त्याच न्यायालयाने पुन्हा सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या कलम २९९ मध्ये हेतूची ही अट कायम आहे.

बोद्धव्याच्या दुखावण्याला कायद्यात स्वतंत्र स्थान नाही. तरी तक्रार नोंदविताना प्रमाण मानले जाते ते तेच. हेतूचा विचार न्यायालयात व्हावयाचा, आणि तेथवर पोहोचण्यास वर्षे लागतात. ‘अवधनामा’ची मुंबई आवृत्ती त्याआधीच, काही दिवसांत, बंद झाली होती.