सोन्याला विटाळ नाही, मग हातालाच का?

२०१५ साली मुंबईत एका चोराने हिसकावलेली सोनसाखळी पकडले जाण्याच्या भीतीने गिळून टाकली. पोलिसांनी त्याला केळ्यांवर केळी खाऊ घातली आणि शौचावाटे साखळी बाहेर आली. लोकांनी ही बातमी हसत हसत वाचली. आम्ही वकिली करतो. मुद्देमाल म्हणून जमा झालेले दागिने मूळ मालकाला परत मिळताना आम्ही पाहतो. दागिना कोणत्या घाणीतून आला म्हणून तो नाकारणारा मालक आमच्या पाहण्यात नाही. पाण्याने धुतला, फार तर दुधाने धुतला, की तो पुन्हा गळ्यात जातो. मग आमचा साधा प्रश्न असा आहे की, गटारात उतरून, राख चाळून, कचरा उपसून जो माणूस मौल्यवान वस्तू बाहेर काढतो त्याच्या हाताची किळस मात्र शिकल्यासवरल्या लोकांना का येते? सोने पाण्याने शुद्ध होते, माणूस का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर मनुस्मृतीत आहे. अपवित्र जागेतूनही सोने खुशाल घ्यावे, अशी मुभा मनू दुसऱ्या अध्यायात देतो. सोन्याचे भांडे नुसत्या पाण्याने शुद्ध होते आणि कारागिराचा हात नेहमी शुद्धच समजावा, असे पाचवा अध्याय सांगतो. म्हणजे जेथे गरज तेथे विटाळ नाही! आता दहावा अध्याय पाहा. चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे आणि अंगावर लोखंडाचे दागिने घालावेत, असा तेथे दंडक आहे. घाणीतले सोने चालते, पण घाण उपसणाऱ्याच्या अंगावर सोने चालत नाही. ही व्यवस्था स्वच्छतेसाठी नव्हती. कष्ट कोणाचे आणि मोल कोणाचे, याची ती वाटणी होती. मार्च १९२७ मध्ये माणसांनी स्पर्श केला म्हणून चवदार तळे बाटले आणि शेण-गोमूत्राने ते 'शुद्ध' करून घेण्यात आले. किळस शेणाची नव्हती, माणसाची होती. म्हणूनच त्याच वर्षी २५ डिसेंबरला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृती जाळली गेली.

सराफ बाजारातला केर आणि गाळ धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्याला आपल्याकडे झारेकरी म्हणतात. त्याने काढलेले कण आटवले की त्यांचेच मंगळसूत्र होते, आणि ते कोणत्या गटारातून आले हे लग्नघरी कोणी विचारत नाही. साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा तर याच प्रश्नाच्या मुळाशी हात घालते. दगडाची खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेल्या भीमाला स्मशानातल्या राखेत सोने सापडते. आधी राख, मग पुरलेली प्रेते, असा त्याचा प्रवास होतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात आणि दोन बोटे कापावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते आणि पहाडासारखा भीमा लहान मुलासारखा रडतो. भीमाच्या कृत्याची शिसारी येणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, खाण चालू होती तोवर भीमा स्मशानाकडे फिरकला नव्हता. किळस यायचीच असेल तर ती जित्या माणसाला प्रेताच्या तोंडात हात घालायला लावणाऱ्या भुकेची आली पाहिजे.

मैल्यापासून तयार झालेल्या खताला मराठीत 'सोनखत' म्हणतात. शेतात पडले की मैल्याचे सोने होते, पण ते वाहणाऱ्याच्या वाट्याला गावकुसाबाहेरची जागाच आली. हा इतिहास संपला असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या परभणी जिल्ह्याकडे पाहावे. ११ मे २०२३ रोजी सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला. एक आत गुदमरला की त्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, अशीच या मृत्यूंची रीत असते. टाकीतला वायू जात विचारत नाही, धर्म विचारत नाही. तो फक्त गरिबी ओळखतो. म्हणून मेलेला आपल्या समाजाचा होता की दुसऱ्या, हे आंबेडकरी कार्यकर्त्याने विचारायचे नसते.

कायदा काय सांगतो, हे समाजबांधवांनी नीट समजून घ्यावे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ चा भंग आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूबद्दल दहा लाख रुपये भरपाई ठरवली, तर २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती तीस लाख केली. टाकी खासगी होती म्हणून सरकारला हात झटकता येत नाहीत, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये गोवंडीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मैला साफ करायला, मढी वाहायला किंवा कबर खोदायला लावणे हा २०१५ च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालीही गुन्हा आहे. मात्र 'अकस्मात मृत्यू' एवढीच नोंद करून प्रकरण मिटवले गेले, तर हे सगळे कागदावरच राहते. म्हणून पहिला आग्रह योग्य कलमांखाली गुन्हा नोंदवण्याचा असला पाहिजे.

यावर काही सज्जन म्हणतात, सफाईचे काम पवित्र आहे, त्याची किळस कशाला? या गोड बोलण्याला भुलू नये. सफाईकामाच्या अशा उदात्तीकरणाचा समाचार बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरील आपल्या ग्रंथात घेतला आहे. काम एवढे पवित्र असेल तर ते पवित्र जातींनी का केले नाही? मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे मागणे सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला सांगितले. आपल्या लोकांची लाज वाटली म्हणून ते असे म्हणाले नाहीत. लादलेल्या घाणीची किळस येणे हीच स्वाभिमानाची पहिली पायरी आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आणि तथागतांचा मार्ग? भिक्खूंचे पांसुकूल चीवर म्हणजे उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्या, धुऊन, शिवून, रंगवून अंगावर घेतलेल्या. मनूनेही प्रेताचे वस्त्र सांगितले, बुद्धानेही स्वीकारले. पण मनूने ते एका जातीवर लादले. बुद्धाच्या संघात राजपुत्र आणि सफाई करणारा सुनीत सारखेच चीवर स्वेच्छेने पांघरत होते. बुद्धांचा वैद्य जीवक हा जन्मताच उकिरड्यावर टाकलेला होता. अभय राजकुमाराने त्याला उचलले नसते तर जग एका थोर वैद्याला मुकले असते. उकिरड्यातल्या वस्तूचे मोल सगळेच ओळखतात, उकिरड्यात टाकलेल्या माणसाचे मोल धम्माने ओळखले.

पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्या बायांना संघटित केले, ओळखपत्रे मिळवून दिली. कचरा तोच, पण वेचणारीला कामगार म्हणून नाव मिळाले. मराठवाड्यात हे का होऊ नये? परभणी महापालिकेपासून गंगाखेड, सेलू, जिंतूर, सोनपेठच्या नगरपालिकांपर्यंत प्रत्येक ठिकाणी कार्यकर्त्यांनी लेखी विचारावे: मैला उपसणारे यंत्र किती, ते चालू आहे काय, कामगारांना संरक्षक साधने दिली काय? आपल्या वस्त्यांतही आता सेप्टिक टँकची घरे झाली आहेत. चार पैसे वाचवण्यासाठी आपणही कोणा गरिबाला त्यात उतरवणार असू, तर मनुस्मृती जाळल्याचा दिवस साजरा करण्याचा आपल्याला काय अधिकार? टाकीत यंत्र उतरवा, माणूस उतरवू नका. आणि ज्याच्या हातांनी आपले घर स्वच्छ राहते, त्याला आपल्याच कपात चहा द्या. जय भीम!