जुने यंत्र आणि नवा कारभारी

दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला घरचा संगणक अद्याप चालतो. पडदा उजळतो, कळफलकाच्या कळा शाबूत आहेत, मुलांची छायाचित्रे आणि घराचे हिशेब त्यात नीट जपलेले आहेत; आणि तरीही तो आता ‘बाद’ झाला, असे आपणांस सांगण्यात येते. चालते यंत्र बाद कसे होते? आणि ते खरोखरच बाद झाले आहे काय? या दोन प्रश्नांचा येथे आम्ही थोडा विस्ताराने विचार करणार आहोत. कारण त्यांच्या उत्तरावर पुष्कळ कुटुंबांचा तीस-चाळीस हजारांचा खर्च अवलंबून आहे.

संगणकाचे दोन भाग असतात. एक हाताला लागणारा, म्हणजे प्रोसेसर, स्मृती, हार्ड डिस्क इत्यादी. आणि दुसरा हाताला न लागणारा, म्हणजे आज्ञावल्यांचा. या आज्ञावल्यांत मुख्य ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिला आपण कार्यप्रणाली म्हणू. मोठ्या वाड्यात कारभाऱ्याचे जे काम, तेच हिचे. कोणत्या कामास स्मृतीतील किती जागा द्यावयाची, कागद कोणत्या कप्प्यात ठेवावयाचा, छपाईयंत्रास निरोप कोणी द्यावयाचा, आणि परक्यास दारातून आत घ्यावे की नाही, हे सर्व तीच ठरविते. वाडा भक्कम असला, तरी कारभारी गाफील असेल तर घर सुरक्षित राहात नाही.

येथेच खरी अडचण आहे. कार्यप्रणाली ही कोट्यवधी ओळींची लिखित आज्ञावली असते आणि एवढ्या मोठ्या लिखाणात उणिवा राहतातच. त्या जसजशा उघडकीस येतात, तसतशी कंपनी दुरुस्त्या पाठविते. दुरुस्त्या थांबल्या की यंत्र त्याच दिवशी बंद पडत नाही. मात्र त्यानंतर सापडलेली प्रत्येक फट उघडीच राहते.

हे भय काल्पनिक नव्हे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने जगभरच्या संगणकांतील कागदपत्रे कुलूपबंद करून खंडणी मागितली. इंग्लंडमधील सरकारी रुग्णालयांना त्या वेळी रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून ती शिरली, ती बुजविणारी दुरुस्ती दोन महिने आधी, म्हणजे मार्चमध्येच, प्रसिद्ध झालेली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, ते सापडले. २००१ साली आलेल्या आणि २०१४ साली आधार काढून घेतलेल्या विंडोज एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला तेव्हा अपवाद म्हणून दुरुस्ती द्यावी लागली.

आता आपल्या घराकडे वळू. जुलै २०१५ मध्ये निघालेल्या विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्यांची सोय कंपनीने जाहीर केली. परंतु ती मुदतवाढ होय, उपाय नव्हे. पुढची पायरी विंडोज ११ ची. आणि नेमक्या याच पायरीवर जुनी यंत्रे अडतात.

अडतात ती शक्ती कमी पडते म्हणूनच असे नाही. ४ जीबी स्मृती आणि ६४ जीबी साठवण या किमान अटी जुनी यंत्रेही पुष्कळदा पुरी करतात. खरी अट दुसरी आहे. टीपीएम २.० नावाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय यंत्रात हवी, सुरू होतानाच परकी आज्ञावली ओळखणाऱ्या ‘सिक्युअर बूट’ची क्षमता हवी, आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद वगळता, २०१७ साली आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणून २०१६ साली भारी किंमत देऊन घेतलेले यंत्र नापास होते आणि २०१९ चे साधे यंत्र पास होते.

परंतु निकाल ऐकून लगेच निराश होऊ नये. पुष्कळ यंत्रांत टीपीएम असते, पण बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते पीटीटी आणि एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने बायोसमध्ये आढळते. ते चालू करताच नापास यंत्र पास होण्याचा संभव असतो. मात्र बायोसला हात लावण्यापूर्वी डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आहे काय ते पाहावे आणि असल्यास त्याची किल्ली, म्हणजे लांबलचक अंक, कागदावर उतरून घ्यावी. अन्यथा घरधनीच दाराबाहेर राहावयाचा!

यंत्र पात्र ठरले, तर विंडोज १० वरून ११ वर जाण्यास मूल्य पडत नाही. आणि कागदपत्रे जागच्या जागी राहतात. पात्र न ठरल्यास अटी चुकवून ती बसविण्याच्या युक्त्या आहेत. परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही. ज्या दुरुस्त्यांसाठी हा खटाटोप, त्यांचीच शाश्वती नसेल तर आम्ही तो मार्ग सुचविणार नाही.

मग दुसरा कारभारी शोधावा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या लिनक्सवर आधारलेल्या कार्यप्रणाली विनामूल्य मिळतात. ‘लिनक्स मिंट’ ही त्यांपैकी घरगुती वापरास सोयीची. तिचा मोठा गुण असा की पेन ड्राइव्हवरून ती चालवून पाहता येते, डिस्कवरील काहीही न पुसता. ध्वनी, वाय-फाय, छपाई ठीक चालते काय, हे तासाभरात कळते. पत्रव्यवहार, महाजाल आणि लिब्रेऑफिसवरील लिखाण एवढेच काम असणाऱ्या घरास ती पुरेशी आहे. मात्र टॅलीसारख्या, विंडोजसाठीच केलेल्या आज्ञावलीवर ज्याचे दुकान चालते, त्याने हा मार्ग धरू नये.

यंत्र मंद असल्यास आणखी एक उपाय करावा. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि हवी ती माहिती काट्याखाली येण्यास सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीत फिरणारे काही नसल्याने तेच काम त्याच्या शंभराव्या हिश्श्यात होते. नवे यंत्र घेण्याच्या मानाने अल्प खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही.

कोणताही मार्ग घ्या, आधी नक्कल काढा. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक घराबाहेर असावी. आणि प्रती काढून न थांबता त्यांतील पाच-दहा कागद दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावे. जुन्या छपाईयंत्राचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, नव्या प्रणालीसाठी मिळतो काय, हेही पाहावे. विंडोज ११ केवळ ६४ बिटांची असल्याने डॉसच्या काळातील हिशेबाच्या आज्ञावल्या तिच्यात सरळ चालत नाहीत.

आपणां मराठी माणसांस आणखी एक दक्षता घ्यावी लागते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे पुष्कळ मराठी लिखाण विशिष्ट फॉन्टांत टंकलेले आहे. त्यात डिस्कवर साठविलेले असतात रोमन अक्षरांचे संकेत. फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो एवढेच. फॉन्ट हरवला की वडिलांच्या आठवणींच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसू लागते. ज्यांनी संस्थेचे अहवाल, स्मरणिका, कुळवृत्तान्त अशा रीतीने लिहून ठेवले आहेत, त्यांनी डिस्क पुसण्यापूर्वी ते फॉन्ट जपून ठेवावे, लिखाणाची पीडीएफ प्रत करावी आणि सवडीने परिवर्तकाच्या साह्याने ते युनिकोडात आणून एकदा मुळाशी ताडून पाहावे. कारण जोडाक्षरांत चुका राहतात. यंत्र विकत मिळते. हे लिखाण मिळत नाही.

तात्पर्य, यंत्र बाद झाले की नाही, हे दुकानदाराच्या एका शब्दावर ठरू नये. आपले काम कोणते, यंत्राची पात्रता किती आणि दुरुस्त्या कोठवर मिळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे प्रथम कागदावर मांडावी. त्यानंतरही नवे यंत्र घेणेच भाग पडले, तर खुशाल घ्यावे. जुन्याची डिस्क पुसून ते अधिकृत ई-कचरा केंद्राकडे सोपवावे. पण बऱ्याच घरांत असे आढळेल की वाडा पाडण्याचे कारण नव्हते. कारभारी तेवढा बदलावयाचा होता.