‘थांब’ कोणाला म्हणावे?

पंढरपुरात आपण गेलो की आधी काय करतो? चंद्रभागेत स्नान, मग वाळवंटातल्या पुंडलिकाचे दर्शन, आणि मग राउळाची वाट. देवाच्या आधी भक्ताच्या पाया पडायचे, असा आपला रिवाज. वर्षानुवर्षे आपण हे करत आलो. पण पुंडलिकाने असे काय केले, की त्याला देवाच्या आधीचा मान मिळाला?

तुम्ही लगेच म्हणाल, महाराज, आई-बापाची सेवा केली. बरोबर. सेवा तर पुष्कळांनी केली. पुंडलिकाचा मोठेपणा एका क्षणात आहे. दारात साक्षात पांडुरंग उभा, आणि हातात आई-बापाचे पाय. दोघांपैकी एकाला ‘थांब’ म्हणावेच लागणार. त्याने देवाला थांब म्हटले. हाताशी वीट होती, ती सरकवली, आणि म्हणाला, जरा उभा राहा, एवढे आटपून येतो.

आता आपल्या घरी या. आपण ‘थांब’ कोणाला म्हणतो? हरिपाठ चाललाय, आतून म्हातारी हाक मारते, आणि आपण डोळे मिटलेलेच ठेवून हाताने खूण करतो: थांब. पोर वही घेऊन येते, थांब. बायको काही सांगू पाहते, थांब, कामात आहे. काम काय, तर मोबाइल! पुंडलिकाने देवाला विटेवर उभे केले, आपण सगळ्या घराला केले.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, नाहीतर कीर्तन ऐकून लोक घरी जाऊन भलताच अर्थ लावतात. ही कथा सुनेला ऐकवायची नाही. पुंडलिकाने पाय स्वतः चेपले, बायकोला सांगितले नाही, तू चेप, मी जपाला बसतो. घरातल्या बायकांना ‘थांब’ म्हणायची सोय कधीच नव्हती. दूध उतू जाताना कोण कोणाला थांब म्हणणार? पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे जाते दाखवतात. तिने दळण आणि नाम वेगळे केले नाही, म्हणून तर देव तिच्या जात्याला हात लावायला आला असे आपण मानतो. तेव्हा आजचे हे बोलणे मुख्यतः आम्हा पुरुषमंडळींसाठी, आणि त्यातही आम्हा टाळ-वीणावाल्यांसाठी.

दुसरे असे, की पुंडलिक जन्मापासून असा नव्हता. कथेत सांगतात, तरुणपणी त्याने आई-बापाचे हाल केले. काशीच्या यात्रेला निघाला तेव्हा म्हातारी-म्हातारा पायी फरफटत मागे. वाटेत कुक्कुटस्वामींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. म्हणजे बघा, यात्रेला निघालेला माणूस होता तो! पुण्य करायलाच निघाला होता. चूक कुठे होती? दोन पावलांवर मागे चालणाऱ्या माणसांकडे त्याने वळून पाहिले नव्हते.

आपली वारीही पाहा. आळंदी ते पंढरपूर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास चाल. दिवेघाट चढताना अनोळखी माणूस आपल्याला ‘माउली, पाणी’ म्हणतो, आपण बाटली काढून देतो. कोणाचा पाय लागला तर आपणच उलट त्याच्या पाया पडतो. दर्शनबारीत वीस-वीस तास उभे राहतो, तक्रार नाही. आणि घरी आल्यावर? चहाला पाच मिनिटे उशीर झाला की आवाज चढतो. ‘माउली’ हा शब्द आपण पिशवीत गुंडाळून पुढच्या आषाढापर्यंत फळीवर ठेवतो. बाहेर वीस तास थांबणारा माणूस घरात पाच मिनिटे का थांबू शकत नाही? याचे मी पुष्कळ चिंतन केले. बाहेर आपल्याला ठाऊक असते की आपली परीक्षा चालू आहे. घरात ते ध्यानात राहत नाही.

गोरोबाकाकांची कथा सांगताना माझा आवाज अजूनही अडकतो. तेरचे गोरोबा भजनात इतके रंगले की चिखल तुडवताना रांगते मूल पायाखाली आले. त्यांचे मूल पांडुरंगाने परत दिले, ही कथा आपण सारे जाणतो. त्यांची तल्लीनता खरी होती, त्यावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण त्यांची तल्लीनता अंगी नसताना आपण त्यांच्यासारखे डोळे मिटले, तर आपल्या वाट्याला नुसता चिखल येतो.

आता माझेच सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

माझी आई थकली, तेव्हा तिला विसर पडू लागला. मी कीर्तनाहून रात्री दहा-अकराला यायचो. ती बाजेवर बसलेली असायची. “जेवलास का रे बाळा?” मी म्हणायचो, जेवलो. पाय धुऊन येईपर्यंत पुन्हा, “जेवलास का रे?” जेवलो ना, आई. अंथरूण घालेपर्यंत तिसऱ्यांदा. एका रात्री, आणि त्या दिवशी कीर्तनाचा विषय काय होता ठाऊक आहे? मातृसेवा! पाचव्यांदा तिने विचारले आणि मी ओरडलो, “किती वेळा सांगू?” ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माझ्या पाच वर्षांच्या मुलीला काहीतरी विचारले. पोरीने कमरेवर हात ठेवले आणि माझ्याच आवाजात, माझ्याच सुरात म्हणाली, “आजी, किती वेळा सांगू?”

इतकी वर्षे मी लोकांना ऐकवले, पण मला कोणी असे ऐकवले नव्हते. त्या दिवशी ठरवले, मोठे काही नाही, एवढेच: आईने विचारले की पहिल्यांदाच विचारले असे समजून उत्तर द्यायचे. हातातले खाली ठेवायचे, तिच्याकडे बघायचे, मग बोलायचे. ऐकायला सोपे वाटते, माउली. पहिल्या रात्री तीनदा जमले, चौथ्यांदा दात-ओठ खाल्ले. आठवडाभराने पाचदा जमले. मग दोन दिवस एकदाही नाही, कारण एका गावचे लोक बिदागीवरून बोलले होते, त्याचा राग घरी आला. तेव्हा कळले, राग आईवर कधी नव्हताच. तो बाहेरून यायचा आणि घरात जो सगळ्यात कमी उलटून बोलेल त्याच्यावर निघायचा. जपाच्या माळेने हे मला दाखवले नव्हते. त्या एका प्रश्नाने दाखवले. माळ सोडा असे म्हणत नाही हं! माळ ओढताना आत काय चालले आहे ते बघा, इतकेच.

महिना-दीड महिना गेला असेल. असाच एका रात्री उशिरा आलो. “जेवलास का रे?” मी पिशवी खाली ठेवली, तिच्याजवळ बसलो, म्हटले, “जेवलो, आई. तू जेवलीस का?” इतक्या वर्षांत हा उलटा प्रश्न मी कधी केलाच नव्हता.

ती म्हणाली, “तू आल्याशिवाय कशी जेवू?”

आतून मंडळी खुणेने सांगत होती, सातलाच जेवल्या आहेत. आईला ते आठवत नव्हते. तिला आठवत होते ते माझ्या लहानपणापासूनचे उपाशी बसणे. मंडळींनी काही न बोलता ताटात अर्धी भाकरी आणि दूध आणून ठेवले. मी भाकरी कुस्करली. एक घास तिने खाल्ला, आणि दुसरा उचलून माझ्या तोंडाशी धरला.