तळं एक, सरंजाम दोन

अमेरिकेच्या उत्तर टोकाला, मिनेसोटा राज्यात, मिल लॅक्स नावाचं तळं आहे. क्षेत्रफळ ५०० चौरस किलोमीटरांहून जास्त, म्हणजे जायकवाडीच्या नाथसागरापेक्षाही मोठं. खोली मात्र जेमतेम १३ मीटर. जुलैत तिथं ॲल्युमिनियमच्या होड्या फिरतात. जानेवारीत त्याच पाण्यावर पिकअप ट्रक उभे असतात आणि माणसं बर्फाला भोक पाडून खाली गळ सोडून बसतात. कॅनडात टोरोंटोच्या उत्तरेला लेक सिमकोवर हेच चालतं, फिनलंडच्या हजारो तळ्यांवर हेच चालतं. या भागांत स्थायिक झालेली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात कुणाच्या तरी होडीत बसतात, हिवाळ्यात कुणीतरी त्यांना बर्फावर नेतं, आणि मग दुकानात जाऊन सामानाच्या भिंतीसमोर उभं राहण्याची वेळ येते. काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि घेतलेलं टिकवायचं कसं, याचा हा आढावा.

दुकानदार बोलतो माशाविषयी: या माशाला हा गळ, त्या माशाला ती काठी. पण या प्रदेशात सामान मोडतं, सडतं, बंद पडतं ते माशामुळे नव्हे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं, आणि जिथं थेंब राहिला तिथं ते काहीतरी फोडतं, अडकवतं किंवा गंजवतं. निवड करताना ‘यात पाणी कुठं साठेल?’ आणि देखभाल करताना ‘यातलं पाणी निघालं का?’ एवढे दोन प्रश्न विचारले, तरी निम्मा खर्च वाचतो.

होडी आणि इंजिन

मिल लॅक्ससारखं पसरट, उथळ तळं वाऱ्यात लवकर खवळतं. लाटा आखूड आणि उभ्या येतात. म्हणून तिथं सपाट तळाच्या स्वस्त होडीपेक्षा पुढून खोल, इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराच्या तळाची होडी घेतात. लांबी साधारण १६ ते १८ फूट. लहान, आडोशाच्या तळ्यासाठी सपाट तळ पुरतो आणि तो उथळ गवतातही शिरतो. अमेरिकेत २० फुटांखालच्या मोटरहोडीवर किती माणसं, किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती चालेल, याची पाटी कारखान्यातच ठोकलेली असते. जुनी होडी घेताना रंगाआधी ती पाटी वाचावी.

होडीमागे लावायचं इंजिन ज्याच्यामुळे घराघरांत पोचलं तो ओल एव्हिनरूड नॉर्वेतून आलेला स्थलांतरित होता. त्यानं १९०९ मध्ये मिलवॉकीत अशा इंजिनांचा धंदा सुरू केला. आवाज न करता होडी हळू सरकवणारी विजेची मोटर १९३४ मध्ये फार्गो इथं ओ. जी. श्मिट यानं बनवली. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या नावांवरून तिचं नाव पडलं ‘मिन कोटा’. आज अशा मोटरी उपग्रहाच्या आधारानं होडी एका जागी धरून ठेवतात, त्यामुळे बऱ्याच जणांचा नांगर कोरडाच राहतो. तरी नांगर आणि दोर होडीत हवेतच; बॅटरी संपली की वाऱ्यापुढं तेवढाच आधार.

इंजिनाची खरी परीक्षा हिवाळ्यात, ते बंद असताना होते. तळाच्या गिअरपेटीतलं तेल पावसाळ्यात नव्हे, वसंतातही नव्हे, शरद ऋतूत बदलायचं. काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं आहे असं समजायचं. ते तसंच ठेवलं तर गोठून पेटीच तडकते. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पुरेसं पाणी झालं की ते मिश्रण टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. म्हणून टाकीत इंधन टिकवणारं द्रावण घालून इंजिन थोडा वेळ चालवतात, म्हणजे ते आतल्या नळ्यांपर्यंत पोचतं. मग सिलिंडरमध्ये गंजरोधक तेलाचा फवारा मारतात आणि इंजिन उभं ठेवतात, म्हणजे उरलेलं पाणी आपोआप खाली गळतं. थंडाव्याचं पाणी खेचणारा रबरी पंखा दोन-तीन वर्षांनी बदलावा. इंजिन चालू असताना बाजूनं पाण्याची धार नीट पडते का, हे दर वेळी पाहावं.

आपल्या किनाऱ्यावर हेच काम उलट्या ऋतूत होतं. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा होड्या वर ओढून झाकतात, जाळी विणतात, इंजिनं उघडतात. फरक शत्रूचा. कोकणात खारं पाणी धातू खातं, म्हणून तिथं इंजिनावर जस्ताचे ठोकळे लावतात. इंजिनाऐवजी ते झिजतात. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते निकामी होतं, तिथं मॅग्नेशियमचे ठोकळे लागतात. मुंबईतून सल्ला घेऊन मिनिआपोलिसमध्ये खरेदी करणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं.

काठी, रीळ, तंगूस

होडीतून गरवायला सहा-सात फुटांची काठी लागते, कारण गळ लांब फेकायचा असतो. बर्फावर फेकायचं काहीच नसतं. भोक पायांशी असतं. तिथं काठी दोन ते तीन फुटांची. फिनलंडमध्ये ‘पिल्की’ची, म्हणजे बर्फातून गरवण्याची, काठी तर याहूनही आखूड असते, आणि पुष्कळ जण दोर हातानंच ओढून घेतात. ग्रॅफाइटची काठी हलकी आणि संवेदनशील, पण तिला एकदा टोचा बसला की ती पुढं कधीतरी त्याच जागी मोडते. बर्फगाडीत सामानाखाली टाकून नेण्यासारखी ती नाही. धसमुसळेपणा करणाऱ्यानं फायबरग्लास घ्यावा.

दोराच्या निवडीत मात्र थंडीचाच शब्द शेवटचा. तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी दोर, स्वस्त आणि लवचिक. पण तो पाणी शोषतो आणि थंडीत रिळावरची वळणं सोडत नाही. फ्लुरोकार्बन पाणी शोषत नाही, आणि त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, म्हणजे पाण्याच्या १.३३ ला नायलॉनपेक्षा जवळचा. म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. पॉलिथिलीनचा विणलेला दोर सर्वांत बारीक आणि बळकट. मात्र त्याच्या विणीत पाणी अडकतं आणि उघड्या बर्फावर काही मिनिटांत त्याची तार होते. तो होडीत किंवा तापवलेल्या तंबूत वापरावा, उघड्यावर नको. दात असलेल्या पाइक माशासाठी कुठल्याही दोराच्या टोकाला पोलादी तारेचा तुकडा जोडावाच लागतो.

रिळातलं कारखान्याचं वंगण शून्याखाली घट्ट होतं आणि दांडा जड फिरतो. ते पुसून थंडीसाठीचं पातळ वंगण घालतात. बहुतेक रिळं मरतात ती आतबाहेर करण्यानं: गरम गाडीतून बाहेर, बाहेरून गरम तंबूत, की लगेच आत दव धरतं आणि पुढच्या फेरीत गोठतं. म्हणून सामान दिवसभर थंडच ठेवावं आणि घरी आल्यावर पेटी उघडून पूर्ण वाळवावं. ठेवताना रिळाचा ताण सैल करावा, नाही तर आतल्या चकत्या दबून बसतात.

आमिषांच्या भिंतीपुढं सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. लाउरी रापाला या फिनिश कोळ्यानं १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. जखमी माशासारखा लडबडत पोहणारा. १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकानं त्यावर लेख छापला, तो नेमका मेरिलिन मन्रोच्या मृत्यूनंतरच्या अंकात. मागणी इतकी आली की कारखान्याला पुरवठा जमेना. त्या लाकडी माशाचं सामर्थ्य रंगात नव्हतं, चालीत होतं. नवशिक्यानं पाच-सहा आमिषं घेऊन त्यांची चाल शिकावी. गळ मात्र धारदार हवा: टोक नखावर टेकवून ओढावं, घसरलं तर कानस लावावी, रुतलं तर ठीक. ओला गळ बंद डबीत ठेवू नये. एकाचा गंज सगळ्यांना लागतो.

बर्फ मोजणं, बर्फ फोडणं

बर्फावरच्या सामानात पहिली वस्तू पहार. चालताना पुढं ठोकत जायचं. एका ठोक्यात आरपार गेली तर आल्या पावली परत. मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाचे आकडे पाठ असावेत: ४ इंचांखाली बर्फावर जायचंच नाही, ४ इंचांवर पायी, ५ ते ७ इंचांवर स्नोमोबाइल, ९ ते १० इंचांवर लहान मोटार, मध्यम ट्रकला १३ इंच. हे आकडे नव्या, पारदर्शक बर्फाचे. पांढऱ्या, बर्फवृष्टीतून झालेल्या बर्फाला दुप्पट जाडी हवी. झरे, ओढ्याची तोंडं, दोन भागांमधली अरुंद खाडी इथं बर्फ नेहमीच पातळ असतो. शिवाय वर भुसभुशीत हिम साचलं की ते पांघरुणाचं काम करतं आणि खाली बर्फ वाढतच नाही.

गळ्यात बर्फाचे टोचे अडकवावेत. पडल्यावर काठावर रोवून बाहेर यायला तेच उपयोगी. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त थंड पाण्यासाठी १-१०-१ असा हिशेब सांगतात: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ते १० मिनिटं, शुद्ध जायला साधारण १ तास. बाहेर यायचं ते त्या दहा मिनिटांत. तरंगणारा पोशाख महाग असतो, पण या हिशेबापुढं तो स्वस्त आहे. होडीतही तेच: लाइफ जॅकेट बाकाखाली नव्हे, अंगावर हवं. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या मोटरहोडीत चालकानं इंजिन बंद करणारी दोरी स्वतःला अडकवणं सक्तीचं आहे.

भोक पाडायचं ते गिरमिटानं. हातानं फिरवायचं गिरमिट म्हटलं की स्वीडनच्या मोरा गावाचं नाव निघतं. हल्ली लिथियम बॅटरीची गिरमिटं पेट्रोलवाल्यांना मागं सारत आहेत. व्यास निवडताना गणित करावं: ८ इंची भोकात ६ इंचीपेक्षा पावणेदोनपट बर्फ काढावा लागतो. पर्चसारख्या लहान माशांना आणि पातळ बर्फाला ६ इंची हातगिरमिट पुरतं. वॉलाय किंवा पाइक या मोठ्या माशांसाठी, दोन फूट जाडीत, ८ किंवा १० इंची यंत्र. पाती वाळूला किंवा गोठलेल्या मातीला लागली की संपली. ती नेहमी जोडीनं बदलावीत, पुसून तेल लावून आवरणात ठेवावीत. पातीला चिकटलेला बर्फ काढायला गिरमिट जमिनीवर आपटू नये.

तंबू, शेगडी, सोनार

पूर्वी बर्फावर लाकडी खोपटं ओढून नेत आणि मोसमभर तिथंच बसत. १९८०च्या सुमारास मिनेसोटाच्या डेव्ह गेंझनं घसरगाडीवर दुमडणारा तंबू बनवला आणि मासा जिथं जाईल तिथं जाण्याची पद्धत रूढ केली. एकट्या-दुकट्यानं असा तंबू घ्यावा. चार जणांचं कुटुंब असेल तर छत्रीसारखा उघडणारा. कापड अस्तराचं असलं तर इंधन कमी लागतं आणि छतावरून थेंब टपकत नाहीत. गॅसची शेगडी लावली की वर एक आणि खाली एक झरोका उघडा हवा, शिवाय कार्बन मोनॉक्साइडची घंटा हवी. त्या वायूला वास नसतो. मोसम संपल्यावर तंबू पूर्ण वाळवल्याशिवाय गुंडाळू नये.

माशांसाठी सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं टिपणारं यंत्र) सामान्य माणसाच्या होडीत आणला तो अमेरिकेतल्या कार्ल लोरन्सनं, १९५९ च्या सुमारास, एका हिरव्या पेटीतून. त्याचा झोत शंकूसारखा पसरतो: २० अंशांचा शंकू १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर रुंद होतो. म्हणजे पडद्यावर दिसणारा मासा गळाखालीच असेल असं नाही. फिरत्या होडीला मागचा इतिहास दाखवणारा पडदा बरा. बर्फावर, एका जागी, क्षणाचं चित्र दाखवणारा गोल फ्लॅशर अधिक कामाचा. २०१८ मध्ये आलेल्या ‘लाइव्हस्कोप’सारख्या यंत्रांनी पोहणारा मासा प्रत्यक्ष दिसू लागला, आणि हा खेळ उरला की शिकार झाली, असा वादही सुरू झाला.

बॅटरीचा नियम मात्र निर्विवाद आहे. शिशाच्या बॅटरीची क्षमता कडक थंडीत निम्म्यावर येऊ शकते. लिथियमची बॅटरी थंडीत वापरायला चालते, पण शून्याखाली चार्ज केली तर आत धातूचा थर साचून ती कायमची बिघडते. घरात आणून, कोमट होऊ देऊन मगच चार्जर लावावा.

तळ्याशी इमान

शिशाचं वजन गिळून लून पक्षी मरतात. मिनेसोटाचा तो राज्यपक्षी. ब्रिटननं हंसांसाठी १९८७ मध्येच लहान शिशांवर बंदी आणली, अमेरिकेत न्यू हॅम्पशरनं २००० मध्ये. पर्याय टंगस्टनचा. त्याची घनता १९.३, शिशाची ११.३, म्हणून त्याच वजनाचा गळ आकारानं लहान राहतो आणि लवकर तळ गाठतो. महाग पडतो, पण बर्फाखाली तो मुळातच सरस आहे.

दुसरं संकट झेब्रा शिंपल्याचं. जहाजांच्या तोलपाण्यातून आलेला हा शिंपला १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला आणि पुढं होड्यांबरोबर तळ्यातळ्यांत पसरला. त्याची पिल्लं डोळ्यांना न दिसणारी, म्हणून होडीत उरलेल्या ओंजळभर पाण्यातूनही ती प्रवास करतात. मिनेसोटात रस्त्यावर होडी नेताना तळाचं बूच काढलेलं असणं कायद्यानं बंधनकारक आहे. इथंही मुद्दा तोच: पाणी काढा.

खर्चाचा क्रम

आधी अंगावरचं: लाइफ जॅकेट, टोचे, बुटांचे खिळे, पहार. मग परवाना आणि नियम. मिनेसोटात उन्हाळ्यात माणशी एकच दोर टाकता येतो, हिवाळ्यात बर्फातून दोन. फिनलंडमध्ये साधी काठी आणि पिल्की सर्वांना फुकट. त्यानंतर चांगला दोर आणि धारदार गळ, मग मध्यम किमतीची काठी-रीळ, मग गिरमिट. सोनार सर्वांत शेवटी. होडी पहिली दोन वर्षं भाड्यानं घ्यावी, तंबू जुना चालतो. जुनं इंजिन मात्र गिअरचं तेल उघडून बघितल्याशिवाय घेऊ नये.

यंदा तिकडच्या हिवाळ्यात कुणी बर्फावर निघणार असेल, तर आदल्या दिवशी तळ्याकाठच्या आमिषाच्या दुकानात जाऊन आज बर्फ किती जाड आहे हे विचारावं, सोबत माहीतगार माणूस घ्यावा आणि परतल्यावर जेवायला बसण्याआधी सामान वाळत घालावं.