भरावावरची संध्याकाळ

पुणतांबा म्हटलं की चांगदेव महाराजांची समाधी आठवते, आणि 1 जून 2017 रोजी सुरू झालेला शेतकरी संपही. गोदावरी गावाला लागूनच वाहते. तरी शिवाराचा जीव टांगलेला असतो तो वर नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळानं सुटणाऱ्या पाण्यावर. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. दोन आवर्तनांमधला कोरडा काळ निभावायला या पट्ट्यात शेततळी आली.

शेततळं म्हणजे नुसता खड्डा नव्हे. खोदलेली माती चारी बाजूंना रचून भराव घालतात आणि पुष्कळ ठिकाणी पाणी जमिनीच्याही वर, त्या भरावाच्या आधारानं उभं राहतं. ते खासगी मालकीचं छोटं मातीचं धरणच झालं. 2016 च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतलं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल तळं सुमारे 22 लाख लिटर पाणी धरतं. आत प्लॅस्टिकचं अस्तर असतं. शेतकरी त्याला ‘कागद’ म्हणतात. मे महिन्यात ऊन रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी पितं, म्हणजे भरलेल्या तळ्यातून दिवसाला 9,000 लिटर!

पण हे पाणी फक्त पिकाचं राहत नाही. सुटीला आलेली भाचरं आधी तिकडेच धावतात. संध्याकाळी घरची माणसं भरावावर येऊन बसतात, पाण्यावरून येणारा वारा अंगावर घेतात. रोहू-कटला सोडले असतील तर पोरं गळ टाकून बसतात. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. शेतातलं पाणी हे पाहुण्याला थांबवणारं ठिकाण आहे, हे गावाला त्याआधीच माहीत होतं.

खरा धोका त्या कागदाचाच. ओला कागद, त्यावर शेवाळ आणि तीव्र उतार. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ हाताशी असून वर चढता येत नाही. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात आणि त्यातली पुष्कळ नावं मुलांची असतात. चारी बाजूंना गाठी मारलेला दोर सोडणं, हवा भरलेली ट्यूब टाकून ठेवणं, तारेचं कुंपण घालणं, याचा खर्च कागदाच्या खर्चापुढे काहीच नाही. तळं भरण्याआधीच हे झालं पाहिजे.

भरावालाही राखण लागते. काळी माती पाणी अडवते, पण वाळली की भेगाळते; म्हणून मातीच्या धरणात तिला गाभ्यात ठेवून बाहेरून मुरमाचं आवरण देतात. पानशेतचं धरणही मातीचंच होतं. ते 12 जुलै 1961 रोजी फुटलं आणि पुणं बुडालं. शेततळ्याचा आवाका लहान, पण मातीचे नियम तेच. सावलीसाठी भरावावर झाड लावायचा मोह होतो, मात्र त्याची मुळं भराव पोखरतात. उंदरांची बिळं वेळीच बुजवावी लागतात. जादा पाण्याला सांडवा हवा, नाहीतर ते भरावावरून वाट काढतं.

मोठ्या पावसानंतर जाणता शेतकरी आधी पाण्याकडे बघत नाही. तो बाहेरच्या अंगानं, भरावाच्या पायथ्याशी अनवाणी फेरी मारतो. तळव्याला कुठं गार ओल लागते का, ते पाहत.