इस्तंबूलमधला एक दिवस : काजळी, कतिरा आणि कलम

चित्रकला शिकणाऱ्या मुस्लिम मुलामुलींना दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. "आपल्यात हे चालते का?" हा पहिला. "यात पोट भरते का?" हा दुसरा. पहिला बहुधा मामू किंवा मोहल्ल्यातले बुजुर्ग विचारतात, दुसरा अब्बा. अम्मी काही विचारत नाहीत, फक्त रंगांचे डाग धुताना कपडे जरा जोरात आपटतात.

सोलापूर, मालेगाव, मिरज, चिपळूण अशा गावांतून आलेले आम्ही बावीस विद्यार्थी, अकरा मुली आणि अकरा मुले, एप्रिलमध्ये अभ्यास सहलीसाठी इस्तंबूलला गेलो. सोबत एक सर आणि एक मॅडम. फक्त कलेसाठी राखून ठेवलेल्या एका दिवसाची ही हकीकत आहे.

सकाळी सुलतान अहमद चौकात उतरलो तेव्हा ट्युलिपचे ताटवे फुललेले होते आणि समोर आया सोफिया. इ.स. ५३७ मध्ये चर्च म्हणून बांधलेली, १४५३ पासून मस्जिद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मस्जिद असलेली ही इमारत कुणाला पाहायची नसते? पण परदेशी पर्यटकांना वरच्या गॅलरीसाठी २५ युरोंचे तिकीट आहे, म्हणजे माणशी दोन हजारांहून अधिक रुपये. आमच्या खिशाला दिवसाला एकच तिकीट परवडणारे होते. सरांनी मत घेतले. चौकाच्या दुसऱ्या बाजूच्या इस्लामी कलेच्या संग्रहालयाला सोळा मते पडली. आया सोफिया आम्ही बाहेरून पाहिली आणि तेवढ्यावर समाधान मानले.

संग्रहालय उघडेपर्यंत समोरच्या सुलतान अहमद मस्जिदीत गेलो. तिथे तिकीट नाही. १६०९ ते १६१६ या काळात बांधलेल्या या सहा मिनारांच्या मस्जिदीला लोक निळी मस्जिद म्हणतात, ते आतल्या वीस हजारांहून अधिक इझनिक टाइल्समुळे. मॅडमनी एक गोष्ट सांगितली आणि आमचे पाहणेच बदलले. बादशहाने प्रत्येक टाइलचा दर ठरवून दिला होता. पुढे बाजारात भाव वाढले, दर मात्र तोच राहिला. मग कारागिरांनी काय करावे? नंतर आलेल्या टाइल्सचे रंग फिके पडले, चकाकी मंदावली. आम्ही मान वर करून फिके कोपरे शोधत राहिलो. अब्बांचा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी इझनिकच्या भट्ट्यांवरही विचारला गेला असणार.

संग्रहालय इब्राहिम पाशाच्या जुन्या वाड्यात आहे. त्याची स्थापना १९१४ ची. त्या काळात मस्जिदी आणि दर्ग्यांतल्या मौल्यवान वस्तू चोरीला जाऊ लागल्या होत्या, त्या वाचवण्यासाठी वक्फ खात्याने त्या एकत्र केल्या. गालिच्यांच्या दालनात कोन्याच्या अलाउद्दीन मस्जिदीतले तेराव्या शतकातले सेल्जुक गालिचे आहेत. लोकांनी श्रद्धेने मस्जिदीला दिलेले, त्यावर शेकडो वर्षे सजदे झालेले. दमास्कसच्या उमय्या मस्जिदीतून आलेली कुरआनची प्राचीन पाने पाहताना मिरजेचा एक मित्र म्हणाला, "आमच्याकडे जुनी पाने पोत्यात भरून विहिरीत ठंडी करतात." अदब म्हणूनच करतात हे खरे. पण त्या पोत्यांत हाताने लिहिलेले काय काय गेले असेल, याची नोंद कुणी केलेली नाही. आपल्या गावच्या मस्जिदीच्या माळ्यावर असे गाठोडे असेल तर ते विहिरीकडे नेण्याआधी एकदा उघडून पाहायला काय हरकत आहे?

याच संग्रहालयात आमचे भांडण झाले. कारण ठरले एक दारकडी. जझिरा म्हणजे आजच्या जिझ्रे गावच्या मोठ्या मस्जिदीच्या दरवाजावरची ही कांस्याची कडी आहे, सुमारे आठशे वर्षांपूर्वीची. तिच्यावर पंखवाला अजगर आहे आणि त्याच्या शेपटीला आणखी एक डोके. दरवाजाला दोन कड्या होत्या. १९६९ मध्ये एक चोरीला गेली, ती आता कोपनहेगनच्या संग्रहात आहे. मस्जिदीच्या दारावर प्राणी! मालेगावच्या मैत्रिणीने लगेच वही काढली. तिला प्राणी आणि माणसांचीच चित्रे आवडतात आणि घरी याच कारणावरून वर्षभर धुसफूस चालू आहे. सोलापूरच्या मित्राने तिला टोकले : "मस्जिदीवर होते म्हणून जायज झाले असे नाही. बादशहांनी पुष्कळ काही केले." ती म्हणाली, "मग आठशे वर्षे नमाजींनी ती कडी काढून का टाकली नाही?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. सजीव चित्रांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि तो दारकडीवरून सुटणारा प्रश्न नव्हे. आम्हाला खटकले ते वेगळेच. घरी हा प्रश्न आला की चर्चा पहिल्या वाक्यावर थांबते. इथे ती ट्राममध्ये, एमिनोनूच्या गर्दीत आणि रुस्तम पाशा मस्जिदीच्या पायऱ्यांवरही चालू राहिली.

रुस्तम पाशा मस्जिद मसाल्याच्या बाजाराजवळ दुकानांच्या वर बांधलेली आहे. खालच्या दुकानांचे भाडे मस्जिदीच्या खर्चासाठी. ही व्यवस्था आपल्याकडच्या वक्फच्या गाळ्यांसारखीच. आत भिंतभर टाइल्स, आणि त्यांतला तो टोमॅटोसारखा लाल रंग! लोहयुक्त मातीपासून केलेला हा रंग जाडसर बसतो, जरा उठून दिसतो. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो इझनिकला जमला आणि सतराव्या शतकात हरवला. बाजारातल्या छापील टाइल्सवरचा लाल याच्या आसपासही येत नाही, तरी आम्ही प्रत्येकी दोन घेतल्याच.

तिथून चढण चढून जोहरच्या वेळी सुलेमानियाला पोहोचलो. हे काम उस्ताद सिनानचे, १५५० ते १५५७ या काळातले. साधारण साडेसव्वीस मीटर रुंदीचा आणि ५३ मीटर उंचीचा घुमट इतका सहज उभा आहे की त्याचे वजन कळतच नाही. सजावट थोडी. किबल्याच्या भिंतीवर टाइल्स, आणि अहमद कराहिसारी यांच्या परंपरेत त्यांचे शिष्य हसन चेलेबी यांनी लिहिलेल्या आयती. या बांधकामाच्या मजुरीच्या वह्या टिकून आहेत. कोण किती दिवस कामावर होता, रोज किती मिळाला, मुस्लिम कारागीर कोण, ख्रिस्ती कोण, सारे त्यात आहे. तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोताबरोबर दरवाजावरच्या एका खोलीत जमा व्हावी अशी सिनानने रचना केली आणि त्या काजळीची शाई केली जाई, असे सांगतात. इबादतीसाठी लावलेल्या दिव्याची काजळी पुन्हा आयती लिहायला!

आमच्या अकरा मुलींपैकी फक्त दोघींनी याआधी मस्जिदीत जमातीने नमाज अदा केली होती. बाकीच्यांना मागच्या जाळीआडची जागा सापडायलाही वेळ लागला. नमाजनंतर चिपळूणची मैत्रीण बराच वेळ तशीच बसून होती. मॅडमनी तिला उठवले नाही, आणि आम्हीही बाहेर काही विचारले नाही.

मस्जिदीसमोरच्या रांगेत पांढऱ्या घेवड्याची उसळ आणि भात मिळतो. आपल्या राजमा-चावलचा चुलतभाऊ म्हणा. तिखट अजिबात नाही, पण मालेगावकरांनी पिशवीत ठेचा आणला होता.

दुपारी बोटीने बॉस्फरस ओलांडून आशियाच्या बाजूला, उस्कुदारला उतरलो. इथे एका उस्ताद बाईंच्या छोट्या खोलीत आम्ही एब्रू पाहिले. पाण्यावर रंग तरंगवून ते कागदावर उचलायची ही कला. शब्द फारसीतल्या 'अब्र' म्हणजे ढगावरून आल्याचे मानतात. तुर्कीत उस्तादाला 'होजा' म्हणतात, तो आपला ख्वाजाच. किताब, कलम, दुकान हे शब्दही थोड्या फरकाने तिथे भेटतात, त्यामुळे दुभाष्याशिवायही निम्मे कळत होते. तसराळ्यातले पाणी दाट करायला काय वापरतात माहीत आहे? रमजानच्या शरबतात आपण घालतो तो गोंद कतिरा! आमच्या मुलींना हसू आवरेना. रंग दगड-मातीचे, दळून बारीक केलेले. ते बुडू नयेत म्हणून त्यात बैलाच्या पित्ताचे थेंब. ब्रश गुलाबाच्या काडीला घोड्याचे केस बांधून केलेला. होजांनी बोटावर ब्रश आपटून रंग शिंपडला, सुईने एक ओढ दिली आणि पाण्यावर ट्युलिप उमलले. कागद ठेवला, काही सेकंदांनी उचलला. पाण्यावरचे चित्र संपले, कागदावरचे राहिले. पुन्हा तसेच निघत नाही.

अठराव्या शतकात या कलेत नाव मिळवलेले मेहमद एफेंदी आया सोफियाचे खतीब होते, तर विसाव्या शतकातले मुस्तफा दुझगुनमान याच उस्कुदारमध्ये अत्तारीचे दुकान चालवत. खुतबा देणारा आणि जडीबुटी विकणारा, दोघेही एब्रूचे उस्ताद. २०१४ मध्ये युनेस्कोने या कलेला आपल्या वारशाच्या यादीत घेतले. सरांनी होजांना मोबाइलवर सतराव्या शतकातले विजापूरचे एक चित्र दाखवले : हाडे दिसणारा घोडा, आणि त्याचे अंग अशाच पाण्यावरच्या रंगांनी भरलेले. होजांनी चष्मा लावून ते मोठे करून पाहिले आणि सगळ्यांना चहा मागवला. दख्खन आणि रूम यांचे येणे-जाणे जुने आहे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली ती मुहम्मद बिन हुसेन रूमी या तुर्काने, सुलेमानियाचा पाया पडण्याच्या एक वर्ष आधी.

एका मुलाने धीर करून दुसरा प्रश्न विचारलाच. होजा म्हणाल्या, पहिली दहा वर्षे शिकवण्या घेतल्या, जिल्दसाजांना कागद पुरवले. आता कागदही विकला जातो. मग बोटे दाखवून म्हणाल्या, भाडे मात्र अजूनही शिकवण्यांतूनच निघते. आम्हाला हे उत्तर आवडले. यात रंगवून सांगितलेले काही नव्हते.

शेवटी बस पकडून कराजा अहमद कब्रस्तानाच्या कडेची शाकिरीन मस्जिद. २००९ मध्ये खुली झालेली. शाकिर कुटुंबाने आई-वडिलांच्या स्मरणार्थ बांधली. तिची आतली सजावट झेनेप फादिल्लिओलू या महिला डिझायनरची आहे. निळसर शिंपल्यासारखी मेहराब, पाण्याच्या थेंबांसारखी काच लटकवलेले झुंबर. महिलांची जागा वरच्या सज्जात आहे आणि तिथून झुंबर, मेहराब, इमाम सगळे समोर दिसते. मगरिबनंतर मुली खाली यायला तयार नव्हत्या. खालून मुले विचारत होती, "वरून कसे दिसते?" हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पडला असावा.

परतीच्या बोटीवर मालेगावच्या मैत्रिणीने वरून काढलेले झुंबराचे रेखाटन दाखवले. सोलापूरच्या मित्राने खालून काढलेले आपले शेजारी ठेवले. दोघांची मापे जुळत नव्हती. कुणाचे बरोबर यावरून हॉटेल येईपर्यंत वाद चालला.