बांधावरची अंबाडी आणि बाजाराची पिशवी

कोल्हापुरच्या बाजारीं आपण भाजी पाटींतून नेतों. परंतु परततांना साखर, मीठ, मसाला सारें प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून घरीं येतें. ती पिशवी उकिरड्यांत पडते, शेणखताबरोबर शेतांत जाते व तेथें कुजत नाहीं. एखाद्या जनावरानें ती गिळली तर प्राणाशींच गांठ पडते.

सन २०१८ मध्यें राज्य सरकारनें अशा पिशव्यांवर बंदी घातली. तथापि दुसरी पिशवी हातीं आल्यावांचून बंदी टिकत नाहीं. कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवीही बहुधा प्लॅस्टिकच्याच तंतूंची असते, हें ध्यानांत ठेवावें.

खरा उपाय आपल्या बांधावर आहे. पूर्वीं शेतकरी पिकाच्या कडेनें अंबाडी लावून घरचे कासरे वळीत असत. अंबाडी फुलावर येतांच कापावी, पेंढ्या बांधून १० ते १५ दिवस पाण्यांत बुडवून ठेवाव्या, आणि साल सुटूं लागली म्हणजे वाख सोलून, धुऊन वाळवावा. मात्र हें काम विहिरींत किंवा पंचगंगेंत करूं नये, पाणी नासतें. त्यासाठीं निराळा खड्डा घ्यावा.

एकट्याच्या वाखानें पिशव्या होत नाहींत. गांवच्या सोसायटीनें तो एकत्र करून विणवून घ्यावा. अशी पिशवी महाग पडेल, हें खरें. पण ती पुष्कळ दिवस चालते व शेवटीं मातीसच मिळते. येत्या मृगांत प्रत्येकानें एका बांधावर तरी अंबाडी पेरावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.